हरिपूरची पेवे आणि भाचेसुनेचे दुकान

फाल्गुन लागला की सांगली भागात हवेलासुद्धा हळदीचा वास येतो. गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर चार दिवसांची रजा काढून मी अक्काकडे गेलो. तिचे गाव वारणेच्या अंगाचे. पण दाजींनी फोनवर बजावले होते, "पाव्हणं, आधी हरिपूरला उतरा, मी तिथंच येतोय."

सांगलीपासून हरिपूर चार-एक किलोमीटर. कृष्णाकाठाने जाणारा हा रस्ता सायंकाळी पायी चालावा असा आहे. गावाशी वारणा येऊन कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. 'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. पण आम्हा शेतीखात्यातल्या माणसांना हरिपूर आठवते ते पेवांसाठी.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, खाली वीस-पंचवीस फूट खोल आणि रांजणासारखे पोट. इथली माती अशी घट्ट की भिंत न बांधता खड्डा उभा राहतो. आत पाला-चटई लावून हळकुंडे भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आतली हवा संपली की कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे रंग न सोडता टिकते. पेव उघडले की लगेच कोणी उतरत नाही. काही तास ते उघडे ठेवायचे, मग कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणसाने जायचे नाही. ही रीत ज्यांनी बसवली त्यांनी रसायनशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते, आणि मी बी.एस्सी. होऊनसुद्धा त्यात एक अक्षर घालू शकलो नसतो.

दाजी मला एका बुजलेल्या पेवापाशी घेऊन गेले. २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले. हजारो पोती हळद आतल्या आत कुजली आणि पुढे बरीच पेवे कायमची बंद झाली. त्यात दाजींचीही पन्नास पोती होती. दर वाढेल म्हणून दोन वर्षे राखलेली. "डोळ्यांसमोर नसलेल्या मालावर भरवसा ठेवला, पाव्हणं," ते म्हणाले, "आणि आता सूनबाईनं नवं पेव काढलंय, मोबाइलात. चार क्विंटल हळद सौद्याला न नेता ठेवून घेतली. तेवढं बघा जरा."

तेव्हा मला कळले की हरिपूरला उतरवले ते कशासाठी.

घरी पोहोचलो तर परड्यात हळद शिजत होती. शिजलेली हळद पंधरा दिवस उन्हात, मग ड्रमात पॉलिश. शंभर किलो ओली हळद काढावी तेव्हा वाळून वीस-एक किलो हळकुंड हाती लागते. एवढ्या खटपटीनंतर सौद्यात ढिगाकडे कोणी दोन मिनिटे बघून दर बोलतो, ही सूनबाईची सल. ती बी.कॉम. झालेली, बोलायला थोडी, हिशेबाला पक्की.

तिने मला मोबाइलवर दुकान दाखवले. शेतकरी भगिनींना समजेल अशा भाषेत सांगतो. इंटरनेटवर माल विकायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारख्या मोठ्या बाजारात पाल टाकायचे. तिथे गिऱ्हाईक आयते फिरत असते, पण बाजाराचा कट द्यावा लागतो आणि गिऱ्हाईक बाजाराचे असते, आपले नव्हे. दुसरी तऱ्हा म्हणजे स्वतःचे दुकान. त्याचा सांगाडा तयार मिळतो. फळ्या, गल्ला, पावतीपुस्तक सगळे त्यात. आपण फक्त माल मांडायचा. शॉपिफाय हा असाच एक सांगाडा. कॅनडातल्या ओटावा शहरात २००४ साली काही तरुणांनी बर्फावरून घसरायच्या फळ्या विकायला दुकान काढले. मनाजोगा सांगाडा मिळेना म्हणून त्यांनी स्वतः बांधला, आणि २००६ पासून सांगाडाच इतरांना भाड्याने देऊ लागले. स्वतःपुरती पाभर करावी आणि गाव ती मागायला यावा, तसे झाले. वूकॉमर्स नावाचा दुसरा सांगाडा फुकट आहे, पण त्याला जागेचे भाडे आणि डागडुजी करणारा जाणता माणूस लागतो. सूनबाईने महिना भाड्याचा घेतला. घरात जाणता कोणी नाही, हे तिने ओळखले.

दुकान मांडायला तिला दोन दिवस लागले. ते उघडायला मात्र सव्वा महिना गेला. गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात आणून देणारी जी व्यवस्था असते, तिला पेमेंट गेटवे म्हणतात. तिने कागद मागितले. अन्न परवाना सूनबाईच्या नावावर, बँकेचे खाते भाच्याच्या नावावर, आणि दुकानाचे नाव तिसरेच. तिन्ही जुळेनात. शेवटी तिच्या नावाने चालू खाते काढले तेव्हा गाडी पुढे सरकली. माल परत घेणार की नाही, किती दिवसांत पोहोचवणार, संपर्काचा पत्ता काय, ही पानेही दुकानात लिहिलेली असावी लागतात. दळलेली हळद हा खाद्यपदार्थ, म्हणून पाकिटावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, वजन, किंमत, भरल्याची तारीख, पत्ता आणि तक्रारीचा फोन हवा. परराज्यात पाठवायची तर उलाढाल थोडी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हे सारे आधी करावे, मग फोटो काढत बसावे.

एका गोष्टीवरून मी तिला रागावलो. दुकानात तिने हळदीखाली चार-पाच मोठ्या रोगांची नावे घालून 'खात्रीशीर गुण' असे लिहिले होते. कुठूनतरी उतरवलेले. मी ते पुसायला लावले. असे लिहिणे कायद्यात बसत नाही, आणि आजारी माणूस त्यावर विसंबला तर? त्याऐवजी वाण कोणता, काढणी केव्हाची, कुठल्या रानातली, हे लिही म्हटले. तिने परड्यातल्या काहिलीचा फोटो लावला. तो फार बोलका निघाला.

पहिल्या महिन्यात नुकसानच झाले. दोन चुका होत्या. पोहोचवायचा खर्च तिने सगळ्या देशाला एकच लावला. पुण्याला ठीक, पण गुवाहाटीच्या पाकिटाला पदरचे पैसे गेले. दुसरी, माल हातात पडल्यावर पैसे द्यायची सवलत ठेवली. सात पाकिटे दारातून परत आली. जाण्याचे भाडे आपले, येण्याचेही आपले. दाजी काही बोलले नाहीत, फक्त ती सात पाकिटे देवळीत मांडून ठेवली. येता-जाता सगळ्यांना दिसतील अशी.

मग सूनबाईने वही काढली. टपाल असो की कुरियर, आकार बहुधा अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. अर्धा किलो हळद खोक्यासकट सहाशे ग्रॅमच्या आसपास भरे आणि पुढच्या टप्प्यात जाई. तिने पाकीट चारशे ग्रॅमचे केले. खोक्यासह ते पाचशेच्या आत बसले. हा उपाय मला सुचला नसता. पैसे आधी, माल नंतर, असे ठरवले. आणि खर्च अंतराप्रमाणे निराळा लावला.

तिच्या वहीतला हिशेब असा. एका पाकिटाची किंमत १४० रुपये, टपाल वेगळे. त्यात सौद्याच्या भावाने हळदीचे ६०, दळण व घट ८, पाकीट-लेबल-खोका १८, गेटवेचे साडेतीन, जीएसटी पावणेसात. उरले चव्वेचाळीसच्या आत-बाहेर. दुकानाचे भाडे महिना दोन हजार धरले तर पहिली पंचेचाळीस-सेहेचाळीस पाकिटे भाड्याचीच. त्याच्या पुढचे पाकीट घरचे. आणि त्यात सासू-सुनेची मजुरी अजून धरलेली नाही. मी तिला तीही लिहायला लावली. घरच्या बाईच्या हातांचा दाम वहीत नसतो, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

गिऱ्हाईक कोठून येते? स्वतःच्या दुकानासमोरून कोणी सहज जात नाही. पहिली पाकिटे पुण्या-मुंबईच्या नात्यागोत्यात गेली, मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे. प्रत्येक खोक्यात ती हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकते. एकदा एकाने वीस किलोची मागणी सांगितली आणि "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणाला. तिने फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढे तिला ठाऊक होते. वाचकांनी घरात सगळ्यांना हे सांगून ठेवावे.

रात्री जेवताना दाजींनी विचारले, "मग पाव्हणं, पुढच्या साली सगळीच हळद यात घालावी का?" प्रश्न मला होता, डोळे सुनेकडे. तीच म्हणाली, "नाही मामंजी. चाळीस क्विंटलातली छत्तीस सौद्यालाच. आम्ही दोघी जेवढं भरू तेवढंच. आणि दळायचं मागणीपुरतं, हळकुंड आपल्या माडीवरच." दाजी बराच वेळ भात कालवत राहिले. माडीवर २००५ चे पाणी चढले नव्हते.

निघायच्या दिवशी ते मला स्टँडवर सोडायला आले. गाडीच्या हँडलला पिशवी होती, पिशवीत नऊ खोकी. नागपूरचे एक, बेळगावची दोन, बाकी पुण्याची. हे त्यांनीच मला सांगितले, पत्ते न बघता. एस.टी. फलाटाला लागायच्या आत त्यांनी घड्याळ पाहिले. "पोस्ट बंद व्हायची वेळ झाली, पाव्हणं, येतो," म्हणाले आणि गेलेसुद्धा.