पान तुमच्या मर्जीचं, पण ठरवलेलं

सोसायटीचा गणपती, ऑफिसची सहल, नात्यातली मुंज अशा ठिकाणी मी हौसेने पत्त्यांची जादू करतो. समोरच्याला वाटतं, पान आपण मनाने निवडलं. प्रत्यक्षात ते आधीच ठरलेलं असतं. जादूगारांच्या भाषेत हा फोर्स. थिओडोर ॲनेमन या अमेरिकन जादूगाराच्या १९३३च्या पुस्तिकेत फोर्सच्या २०२ पद्धती आहेत. मी वापरतो त्या तीन-चारच. समोर कोण आहे आणि पान हुकलं तर काय होईल, एवढं पाहून त्यातली एक निवडतो.

सगळ्यांत देखणा तो क्लासिक फोर्स. पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात पसरत न्यायचे, ठरलेलं पान करंगळीने जोखून ठेवायचं आणि समोरच्याची बोटं पुढे आली की नेमकं तेच त्यांच्याखाली सरकवायचं. यजमान खुशीत असतील तर हे सहज जमतं. पण रोज रमी खेळणारा माणूस मुद्दाम तळाकडचं पान ओढतो. म्हणून पान हुकलं तरी पुढे नेता येईल अशाच जादूत मी हा वापरतो. भलतंच पान गेलं, तर ते परत ठेवायला सांगून दुसऱ्या मार्गाने शोधून द्यायचं. भाकिताचा लिफाफा आधीच कुणाच्या खिशात असेल, तेव्हा मात्र याच्या वाटेला जात नाही.

मुलांपुढे हिंदू शफल फोर्स बरा. आपल्याकडे घरोघर पत्ते असेच पिसतात, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. उजव्या हातात गठ्ठा धरायचा आणि डाव्या हाताने वरची थोडी थोडी पानं ओढून घेत राहायचं. 'थांब' म्हटलं की उजव्या हातातल्या गठ्ठ्याचं तळचं पान दाखवायचं. ते सुरुवातीपासून तिथेच असतं. त्याच मुलांपुढे हे पुन्हा मात्र करायचं नाही. तळाकडे पाहणारा एखादा चुणचुणीत पोरगा असतोच.

लिफाफा असला की माझा भरवसा क्रॉस-कट फोर्सवर. एका मुंजीत नात्यातले अप्पा समोर होते. चौकटची सत्ती गठ्ठ्यावर सगळ्यांत वर होती.

"अप्पा, तुम्हीच काटा. हवे तेवढे उचला."

त्यांनी निम्म्याच्या आसपास पानं उचलून टेबलावर ठेवली. उरलेला गठ्ठा मी त्यांवर आडवा ठेवला.

"तुमच्या घरी रमीत पत्ते कोण वाटतं?"

"मीच! बाकीच्यांचा भरवसा नाही."

सगळे हसले, नजरा पत्त्यांवरून उठल्या. मग मी म्हटलं, "काटलंत तुम्ही, मी मध्ये आलो नाही. जिथे काटलंत तिथलं पान बघा." वरचा आडवा गठ्ठा मी उचलला आणि अप्पांनी खालच्यावरचं पान घेतलं. ती अर्थातच सत्ती. गठ्ठ्यावर आधी वर होती तीच. खालचा गठ्ठा कुठला आणि वरचा कुठला, हे त्या हशानंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही. इथे बोटांचं कसब जवळजवळ शून्य आहे. सगळं काम मधल्या प्रश्नाचं. प्रश्न न विचारता लगेच पान घ्यायला लावलं, तर शाळकरी मूलही पकडेल.

टेबल नसेल तर एड बाल्डुची यांचा 'कट डीपर' फोर्स. हा १९५६ साली छापला गेला. पत्ते प्रेक्षकाच्याच तळहातावर ठेवायचे. त्याने थोडे काटून उलटे करून वर ठेवायचे, मग आणखी खोलवर काटून तो सगळा गठ्ठाही उलटा करून वर ठेवायचा. सरळ दिसणारी पानं बाजूला केली की पहिलं पालथं पान म्हणजे आधी सगळ्यांत वर असलेलं पान. सूचना सावकाश द्याव्या लागतात. गोंगाटात हा टाळावा.

स्वेंगाली कॅट विकत मिळतो. त्यातली निम्मी पानं एकसारखी आणि किंचित आखूड असतात, त्यामुळे फोर्स हुकणं अवघड. पण "काका, बघू पत्ते" म्हणत मुलं झेपावली की पंचाईत! तो मी प्रेक्षक लांब असतील तिथेच नेतो.

नवशिक्यांना मी आधी क्रॉस-कटच शिकवतो, आणि पत्ते हातात देण्याआधी मधले प्रश्न पाठ करायला लावतो. क्लासिक त्यानंतर, तोही घरच्यांवर पुरता बसल्यावर.