कारणी लागलेली माशी

मासे धरणाऱ्यांच्या इंग्रजीत 'स्पेंट' असा एक शब्द आहे. अंडी घालून झाली, बळ संपलं आणि पंख पसरून प्रवाहाबरोबर वाहत चालला, असा किडा म्हणजे 'स्पेंट'. सरळ अर्थ घ्यायचा तर 'खर्च झालेला'. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे असल्या शब्दापाशी मी अडखळतेच!

मला हा शब्द कळला तो पेनसिल्व्हेनियात, मुलाच्या घरी. त्याला ट्राउट धरायचा नाद आहे. गळाला खरं आमिष लावायचं नाही. दोरा, पीस आणि लव यांनी किड्याची नक्कल बांधायची. तिला म्हणतात 'फ्लाय'. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, म्हणून आधी मी नाकच मुरडलं. तो धरलेला मासा सोडून देतो, गळाचा उलटा काटाही चिमट्यानं दाबून ठेवतो. तरी माशाला टोचतं ते टोचतंच, असं मी त्याला सांगितलं आहे. त्यानं ते नाकारलेलं नाही.

पण त्या कॅडिस माशीची हकिगत ऐकली आणि मी गुंतले. ही अळी असताना नदीच्या तळाशी राहते. तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण, काटक्या चिकटवते आणि स्वतःपुरतं घर बांधते. हे रेशीम पाण्यातही चिकटतं! पुढे कोश, मग पंख. पंख फुटल्यावर आयुष्य उरतं ते काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. काही जातींच्या माद्या अंडी घालायला पुन्हा पाण्यात बुडी मारतात. अंगाभोवती हवेचा पातळ थर असतो, तो चांदीसारखा चमकतो. तळाच्या दगडांना अंडी चिकटवली की त्या दमतात, आणि बऱ्याचजणी वाहून जातात. ट्राउटला हे बिनकष्टाचं जेवण.

तिची नक्कल 'सॉफ्ट हॅकल' पद्धतीनं करतात. रीत जुनी, उत्तर इंग्लंडातली. प्रिट यांनी १८८५ साली यॉर्कशायरच्या अशा माश्यांवर पुस्तक लिहिलं. अमेरिकेत सिल्व्हेस्टर नेम्स यांच्या १९७५ च्या पुस्तकानं ती पुन्हा लोकांपुढे आणली.

साहित्य अगदी थोडं. १४ नंबरचा गळ, मेण लावलेला रेशमी दोरा, सशाच्या केसांची लव आणि तित्तराचं एक मऊ पीस. लव चिमटीत धरून दोऱ्यावर विरळ वळायची, आपण वात वळतो तशीच. तो दोरा गळाच्या दांड्यावर गुंडाळला की झालं अंग. मग डोक्यापाशी पिसाचे दोनच वेढे आणि गाठ. वेढे वाढवले तर पीस दाट होतं, ताठ राहतं. दोनच असले की भिजलेले तंतू मागे झुकतात आणि पाण्याच्या जराशा हालचालीनं हलू लागतात. निर्जीव वस्तूत जीव येतो तो असा, कमी घातल्यानं.

हे गेल्यापासून "आई, तुम्ही बसा" हे मी फार ऐकते. सगळे प्रेमानंच म्हणतात. पण सारखं बसून माणूस स्वतःलाच खर्चाच्या रकान्यात मांडू लागतो. म्हणून मुलगा परवा सहज म्हणाला, "आई, शनिवारी नदीवर जायचंय, सहा बांधून देशील?" तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला नको.

मराठीत पैसा खर्ची पडतो. तोच चांगल्या कामाला गेला तर कारणी लागतो. रक्कम तीच असते. त्या मादीची अंडी दगडाला लागली, अंग माशाच्या पोटात गेलं; तिला 'खर्च झालेली' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी तिला 'कारणी लागलेली' म्हणते. मुलाला शब्द पटला, पण त्याच्या मासेवाल्या मित्रांना तो कसा समजावायचा, हा त्याचा प्रश्न!

सध्या दिवसाला दोन बांधते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना तेवढंच झेपतं. तुमच्यापैकी कुणाला वाती वळायची सवय असेल तर खुशाल करून पाहा. निम्मं काम तुमच्या बोटांना आधीच येतं.