लोणारच्या काठावर

ज्वालामुखी म्हटला की आपले मन थेट सातासमुद्रापार धाव घेते. विषुववृत्ताजवळची ती बेटे, १८८३ साली फुटलेला क्राकाटोआ, सुमात्रातील टोबाचे अफाट सरोवर, फ्लोरेस बेटावर केलिमुतूची रंग बदलणारी तीन तळी! ही सारी यात्रा मी ग्रंथालयात बसून केली आहे. एस.टी.च्या तिकिटापलीकडे ज्याची ऐपत नाही, त्याने आणखी कोठे जावे? पण आपण जेथे नांगर धरतो ती भूमीच ज्वालामुखीची लेक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आपले पठार झाले.

हे वर्गात ऐकताना मला माझे वडील आठवत. आबा विहिरी खोदतात. तीस वर्षे पहार आणि सुरुंग घेऊन त्यांनी तोच थिजलेला लाव्हा फोडला. माती, मुरूम, काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा, पुन्हा पाषाण. हा क्रम त्यांना तोंडपाठ आहे. शाळेचा उंबरा मात्र त्यांनी कधी ओलांडला नाही.

गेल्या माघात मेहकरला नात्यातले लग्न होते. परतताना मी हट्टाने आबांना लोणारला नेले. काठावर उभे राहिलो आणि बोलणेच खुंटले. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा तो प्रचंड वाडगा, उतारावर दाट झाडी आणि तळाशी हिरवट, स्तब्ध पाणी!

आबांनी बराच वेळ पाहून विचारले, “येवढी हिर कुणी खांदली रं?”

मी वाचलेले सांगू लागलो. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराकडे लक्ष वेधले. पुढे कित्येक वर्षे पंडित याला ज्वालामुखीचेच विवर समजत. १९७० नंतरच्या दशकात येथे तीव्र आघाताशिवाय न बनणारी काच सापडली आणि ही उल्केची करणी ठरली.

आबा ऐकत होते, पण डोळे कड्यावर होते. म्हणाले, “हे बघ. आपल्या हिरीत थर कसे चटईवानी आडवे असत्यात. हितं काठाला ते उचलून भायेर कलांडल्यात. सुरुंग उडला की त्वांडाचा दगड असाच उलटतो.”

मी थक्क झालो. काठाचे थर बाहेर कललेले आहेत, ही तर शास्त्रज्ञांनी टिपलेली खूण! अतिवेगाने आदळलेली उल्का सुरुंगासारखाच स्फोट घडवते.

पुढे धारेवर हात धुतले. झरा गोड आणि खाली तळे खारे, हे कसे? पाझर दोन थरांच्या सांध्यातून येतो, हे आबांनी सांगितले. पाण्याला बाहेर वाट नाही, ऊन पाणी नेते आणि क्षार मागे राहतात, हे मी सांगितले. २०२० च्या जूनमध्ये खारटपणा वाढून मिठात वाढणारे सूक्ष्मजीव माजले आणि हेच पाणी गुलाबी झाले होते, तेही सांगितले. तोवर आमचे बोलणे फी आणि मार्क यांपलीकडे कधी गेलेच नव्हते.

बोअरच्या यंत्रांमुळे आबांच्या हाताला आता वर्षातून दोन-तीन महिनेच काम मिळते. तिसऱ्या वर्षाला भूगोल घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. नातलग म्हणतात, त्याने पोट भरत नाही. भरतीची तयारी कर. त्यांचे म्हणणे खोटे नाही. धाकटी बहीण अजून शिकते आहे. गाडीत मी हे आबांपुढे मांडले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “दगडाचंच शिक. मला ठावं हाय ते कागदावर कुणी लिवलं न्हाई.”

जूनमध्ये अर्जाच्या रकान्यात मी भूगोल लिहिणार आहे. पोटाची काळजी त्याने मिटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण रोज संध्याकाळी मी वही घेऊन आबांजवळ बसतो. कोणत्या शिवारात किती परसावर पाणी लागले, पाषाण कोठे संपला, तांबडा पट्टा कोठे आला, ते सांगतात आणि मी लिहितो. आतापर्यंत अकरा विहिरी झाल्या आहेत.