चाचांच्या गालावरचा तीळ

शाळेत प्रकाशाचा धडा निघाला की आम्ही टेबलावर अख्ख्या मसुराचे चार दाणे ठेवतो. भिंगाला उर्दूत अदसा म्हणतात, आणि हा शब्द मसुराच्या अरबी नावावरून आला. इंग्रजीतली लेन्सही मूळची लॅटिन मसूरच. मधे फुगीर, कडेला निमुळती. मुलं दाणा बोटांत फिरवून बघतात आणि 'मुहद्दब अदसा' त्यांच्या कायमचा लक्षात राहतो. मग आम्ही इब्न अल-हैसमचं नाव काढतो. हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाजिर' लिहून त्यानं दाखवून दिलं, की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो. हे सांगताना आमची छाती थोडी फुगते, हे कबूल करतो.

पण भिंग सांभाळावं कसं, हे त्या धड्यात नाही. ते आम्हाला चंदगडच्या बाजारपेठेतल्या घड्याळवाल्या चाचांनी सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, मान डोलावली आणि विसरलो.

कॅमेरा आम्ही कोल्हापुरातून जुना घेतला. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला, तिथून विकत आणलेल्या कॅमेऱ्याची लेन्स काढायलाही आमचा हात कापत होता. दोन लेन्स मिळाल्या होत्या. एक अठरा ते पंचावन्न मिलिमीटरची, माणसांचा घोळका चौकटीत घेणारी. दुसरी सत्तर ते तीनशेची, तिलारीच्या रानातला धनेश जवळ आणणारी. आम्ही दोन्ही घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच लेन्स हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, खोलने के पैले बंद करने का सोचना."

त्यांची स्वतःची रीत तीच होती. घड्याळ उघडण्याआधी पंखा बंद. सुटे झालेले भाग काचेच्या वाटीखाली झाकलेले. तोंडानं फुंकर कधीच नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकीचा बारीक थेंब जातो; हवा मारायची ती रबरी फुग्यानं. आम्ही हसून म्हटलं, "चाचा, तुमचा एक फोटो काढू?" ते मान खाली घालून कामाला लागले. फोटोचं नाव काढलं की ते असेच करत. त्यांना ते दीनच्या दृष्टीनं पटत नव्हतं की नुसता संकोच होता, आम्ही कधी विचारलं नाही.

२२ एप्रिल २०२३. रमजान ईद. नमाज झाली आणि ईदगाहच्या मैदानात गळाभेटी सुरू झाल्या. उन्हाळ्यातली आमची लाल माती, त्यात शेकडो चपला आणि फटफट्या. आम्ही लांबच्या लेन्सनं ईदी मोजणाऱ्या पोरांचे फोटो घेत होतो. इतक्यात बुजुर्गांनी हाक मारली, "मास्तर, हमारा भी एक." तीन रांगा झाल्या. आणि दुसऱ्या रांगेत, नातवानं हात धरून ओढलेले चाचा उभे होते!

ते निसटतील म्हणून आम्ही घाई केली. कॅमेरा चालूच. लांबची लेन्स काढून बगलेत धरली. लहान लेन्सचं मागचं झाकण काढून कुर्त्याच्या खिशात टाकलं. कॅमेऱ्याचं उघडं तोंड आभाळाकडे, वारा समोरून. लेन्स बसवली, तिन्ही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून छिद्र एफ १६ वर नेलं आणि बटण दाबलं. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसला. मोठ्या लेन्सला लावायला खिशातलं झाकण काढलं, तेव्हा त्याला रुमालाचे तंतू आणि शिरखुर्म्यातल्या चारोळीचं साल चिकटलेलं होतं. आम्ही ते कुर्त्यालाच पुसलं आणि लावलं.

त्याच पावसाळ्यात चाचा गेले. चाळिसावा झाल्यावर चाचींनी नातवाला पाठवलं. ईदच्या फोटोतून चाचांचा एकट्याचा फोटो मिळेल का? भिंतीला लावायचा नव्हता, पेटीत ठेवायचा होता. आधारकार्डावरचा होता, पण त्यात ते ओळखू येत नव्हते. आम्ही बेळगावहून मोठा करून आणला आणि स्वतः नेऊन दिला.

चाचींनी फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "बेटा, इनके गाल पे तिल कहाँ था?"

उजव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, करडा गोल ठिपका होता. आम्ही घरी येऊन त्या दिवसाचे सगळे फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. लेन्स बदलण्याआधीच्या एकातही नाही. बदलल्यानंतरच्या प्रत्येकात, अगदी त्याच जागी. कुठं आभाळात, कुठं भिंतीवर, आणि त्या एकात चाचांच्या गालावर.

त्याचं गणित असं. ठिपका लेन्सवर नसतो. लेन्सवरची बारीक धूळ फोटोत सहसा दिसतही नाही. कण जातो तो आत, सेन्सरवर. छिद्र मोठं असेल तर त्याची सावली पसरून विरते. एफ १६ सारखं बारीक असेल तर ती घट्ट उमटते. आरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे पडदा तरी असतो, पण पोकळीत शिरलेली धूळ पडदा उघडला की आत सरकते. आताच्या बिनआरशाच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर येतो. म्हणजे कॅमेरा नवा झाला, तरी चाचांचं म्हणणं जुनं झालेलं नाही.

आम्ही बी.एड.ला होतो तेव्हा पाठाचं टाचण काढल्याशिवाय वर्गात पाऊल टाकू देत नसत. लेन्स बदलायचंही आता टाचण आहे. आधी ठरवायचं, आज कोणती लेन्स जास्त लागणार. तीच घरून लावून निघायचं. बदलायची सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे कमी वेळा बदलणं. बदलायचीच झाली तर आडोसा बघायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, खाली बसायचं. कॅमेरा बंद, पट्टा गळ्यात, तोंड जमिनीकडे. बॅग मांडीवर, मातीत नाही. नव्या लेन्सचं मागचं झाकण आधीच ढिलं करून ठेवायचं. मग जुनी काढायची, नवी बसवायची, 'खट्' ऐकू येईपर्यंत फिरवायची. निघालेलं झाकण लगेच जुन्या लेन्सला. खिशात काहीही नाही.

हात बसायला हवा, म्हणून आम्ही महिनाभर रात्री गादीवर बसून सराव केला. सुटली तर गादीवर पडेल. फिरवायची दिशाही हाताला पाठ हवी. कॅननची लेन्स समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं बसते, निकॉनची उलट्या. मित्राचा कॅमेरा हातात आला की इथंच घोटाळा होतो.

पावसात तर आम्ही बदलतच नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे ढगच जमिनीवर उतरतात. पारगडाच्या पायऱ्यांवर पाऊस नसला तरी हवा ओली असते. एसी लावलेल्या गाडीतून तिलारी घाटात उतरलं की लेन्सवर लगेच बाष्प धरतं. अशा वेळी बॅग बंदच ठेवून अर्धा तास थांबायचं. घरी आल्यावर लेन्स घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या किंवा दाणे तापवून पुन्हा वापरायचे. तांदळात ठेवू नये. ओल जाण्याआधी पीठच आत जातं. दमट कपाटात राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते, आणि ती काच कोरते.

चाचींकडे आम्ही पुन्हा गेलो. चूक आमची होती हे सांगितलं. तीळ काढलेला दुसरा फोटो दिला. त्यांनी विचारलं, "निकाला कैसे?" आम्ही सांगितलं, संगणक शेजारची कातडी घेऊन त्या जागेवर लावतो. "मतलब उतनी जगह इनकी नहीं." आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी तो स्वच्छ फोटो रुमालात गुंडाळला आणि पहिला परत केला.

कुणी आपला चेहरा आपल्यापुढे धरतो, ती अमानत असते. चाचांनी आयुष्यात एकदाच धरला होता, आणि आम्हाला दहा सेकंदांची घाई झाली होती.

तीळवाला फोटो आमच्या बॅगेत आहे, रबरी फुग्याच्या कप्प्यात. गेल्या ईदला बुजुर्गांनी पुन्हा हाक मारली. आम्ही म्हटलं, "दो मिनट ठैरो." ईदगाहच्या भिंतीआड जाऊन, पाठ वाऱ्याला देऊन खाली बसलो. परत आलो तेव्हा तिन्ही रांगा तशाच उभ्या होत्या.