सातव्या दिवशीचा फोन

डिस्चार्जच्या काउंटरवर माणूस मनातलं बोलत नाही. बिल नुकतंच चुकतं झालेलं असतं, खाली गाडी थांबलेली असते, आणि समोर तीच सिस्टर उभी असते जिच्याकडे चार दिवसांनी टाके काढायला यायचं असतं. अशा वेळी आपण त्याच्या हातात फॉर्म देतो. सेवा कशी वाटली? उत्कृष्ट, चांगली, बरी, वाईट. तो ‘उत्कृष्ट’वर खूण करतो आणि पिशव्या उचलतो. हे उत्तर खोटं नसतं, भिडेचं असतं.

मी गेली बावीस वर्षं एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. आमचा पेशा या देशात १९४६ पासूनचा. पहिली नेमणूक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. डॉक्टर आजार बघतील, पण त्या माणसाची घरची अडचण, पैसा, भीती हेही कुणीतरी बघायला हवं, हा त्यामागचा विचार. माझी बरीच वर्षं पैशाच्या बाजूलाच गेली. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, ही उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना. तिच्यासाठी उत्पन्नाचे दाखले आणि रेशनकार्डं तपासत बसायचं. फॉर्मचे गठ्ठेही माझ्याच टेबलावर यायचे. महिनाअखेरीला मी टक्केवारी काढून द्यायची. ती नेहमी छानच यायची, आणि आम्ही सगळे त्यावर समाधानी होतो.

मग एक बाई नवऱ्याला घेऊन परत आली. घरी जाऊन नऊ दिवस झाले होते. त्याच्या पायांवर सूज, दम लागलेला, आडवं झोपता येईना. हृदयाचा पेशंट. लघवीची गोळी बंद केली होती. का, तर रात्री तीनतीनदा उठावं लागे, संडास घराबाहेर, अंधारात तो पडेल म्हणून तिनेच बंद केली. मी तिचा फॉर्म शोधून काढला. ‘औषधांची माहिती दिली का?’ यावर ‘हो’, आणि खाली तिचा अंगठा. मी विचारलं, सिस्टरनी सांगितलं नव्हतं का? ती म्हणाली, “सांगितलं की, ताई. लई चांगल्या बोलल्या. पर तवा माझं ध्यान गाडीकडं हुतं.”

ती गोळी सकाळी घेतली असती तर रात्रीचं उठणं बरंच टळलं असतं. एवढं एक वाक्य त्या घरात पोचलं नव्हतं. आमच्या कागदावर मात्र सगळं ‘उत्कृष्ट’ होतं.

तेव्हापासून आम्ही सातव्या दिवशी फोन करतो. काउंटरपासून लांब गेल्यावर विचारायचं, ही कल्पना आमची नव्हे. केंद्राच्या ‘मेरा अस्पताल’ योजनेत २०१६ पासून रुग्णांना नंतर फोन किंवा एसएमएस करून विचारतात. त्याआधी, २००७ पासून, महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं. त्यात गावकरी स्वतःच आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरत, हिरवा-पिवळा-लाल रंग देत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडत. माझ्या मते आपल्याकडे या विषयात त्याहून मोलाचं काम झालेलं नाही. तिथे विचारणारा आणि सोसणारा एकाच बाजूला होते.

प्रश्न कसा विचारायचा हे मात्र मी अमेरिकेच्या ‘एचकॅप्स’ पाहणीतून शिकले. ती २००६ मध्ये सुरू झाली, २००८ पासून रुग्णालयवार निकाल जाहीर होऊ लागले आणि २०१२ पासून रुग्णालयाला मिळणारे सरकारी पैसेही काही अंशी त्यावर ठरू लागले. डिस्चार्जनंतर ४८ तासांपासून ४२ दिवसांच्या आत रुग्णाला गाठायचं. आणि बहुतेक प्रश्न ‘कसं वाटलं’ असे नाहीत. घंटी वाजवल्यावर हवी तेव्हा मदत मिळाली का (हा प्रश्न २०२४ पर्यंत होता)? डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं का? उत्तरं चार : कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. मुख्य आकडा फक्त ‘नेहमी’ म्हणणाऱ्यांचा धरतात. मत विचारलं की भीड आड येते. घडलेलं विचारलं की माणूस आठवून सांगतो.

त्याच पाहणीतला एक धडाही मी विसरत नाही. तुमचं दुखणं कमी व्हावं म्हणून कर्मचाऱ्यांनी शक्य ते सगळं केलं का, असा एक प्रश्न तिच्यात होता. प्रश्नात गैर काही नव्हतं. पण पैसे गुणांना बांधलेले, आणि देशात अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाने थैमान घातलेलं. गुणांसाठी डॉक्टर या गोळ्या सढळ हाताने लिहून देतील, अशी धास्ती अनेकांनी बोलून दाखवली. अखेर वेदनेचे प्रश्न आधी पैशाच्या हिशेबातून आणि २०१९ मध्ये पाहणीतूनच काढले गेले. म्हणून आमच्या फोनवर कोणत्या सिस्टरचं नाव आलं तरी ते वहीत लिहायचं नाही, आणि कुणाच्या पगाराशी त्याचा संबंध जोडायचा नाही, हे मी व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं. रात्री अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या मुलीला आकड्यांनी बदडून कुणाचंही भलं होणार नाही.

आणखी एक फरक आम्हाला करावाच लागला. तिकडे कित्येक वर्षं उत्तर फक्त रुग्णानेच द्यायचं असा नियम होता. आपल्याकडे पाणी पाजणारी, कूस बदलणारी, औषधाच्या दुकानात धावणारी व्यक्ती खाटेशेजारी सतरंजीवर झोपलेली असते. तिला विचारलं नाही तर अर्धं रुग्णालय विचारायचं राहून जातं.

तिला विचारायला लागल्यावर सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलं ते ऑपरेशन थिएटरच्या दारातलं थांबणं. हे दृश्य मी रोज बघत होते, पण पाहिलं नव्हतं. बायपासला चार-पाच तास लागतात. दार उघडलं की बाकावरची सगळी माणसं एकदम उभी राहतात. वॉर्डबॉय मामा रिकामी ट्रॉली घेऊन निघून जातात. माणसं पुन्हा बसतात. कुणी लघवीलासुद्धा जात नाही, तेवढ्यात नाव पुकारलं तर? एका मुलाने फोनवर सांगितलं, “ताई, पाच तासांत ते दार एकोणतीस वेळा उघडलं. मी मोजत होतो.”

मी सर्जनसाहेबांशी बोलले. ते म्हणाले, मध्येच येऊन सांगण्यासारखं काही नसतं. म्हटलं, तेवढंच येऊन सांगू द्या. आता दर दीड तासाने थिएटरमधली एक सिस्टर बाहेर येते, नातेवाइकांना नावाने हाक मारते आणि सांगते : चालू आहे, अजून साधारण इतका वेळ लागेल, तुम्ही जाऊन चहा घेऊन या. एक पैसा खर्च झाला नाही. गोळ्यांच्या बाबतीतही आम्ही सांगणं कमी केलं आणि ऐकणं वाढवलं. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी, गाडीची घाई नसताना, घरचं जे माणूस औषध देणार त्याच्या हातात पाकिटं द्यायची आणि म्हणायचं, आता तुम्ही मला सांगा, कुठली कधी. चुकलं तर आमचं सांगणं चुकलं असं धरून पुन्हा समजवायचं. पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढलेले असतात. लघवीच्या गोळीवर सूर्य.

सध्या आम्ही रात्रीच्या मागे आहोत. झोप लागत नाही हे फोनवर सारखं येतं. औषधांच्या ट्रॉलीच्या चाकांना तेल घातलं, दिवे दहाला मंद करतो. उरलंय ते पहाटे पाचला रक्त घ्यायला उठवणं. नऊच्या राऊंडला रिपोर्ट हवेत म्हणून पाचला सुई. लॅब म्हणते, साडेसहाला घेऊ, पण सकाळी एक तंत्रज्ञ जास्त द्या. गणपतीपासून एका वॉर्डात उसन्या तंत्रज्ञावर हे करून बघतोय. त्या वॉर्डातल्या लोकांना आता फोनवर एक प्रश्न जास्त विचारते : सकाळी कुणी उठवलं, की आपोआप जाग आली?