मलकापूरची उंची

भुसावळ सुटले, बोदवड मागे पडले, की खिडकीतला वारा ओळखीचा वाटू लागतो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, आणि पाहता पाहता मलकापूरचा फलाट! वऱ्हाडाचा हा पश्चिमेकडचा दरवाजा. फारुकी घराण्यातल्या कुणा राजपुत्राने आपल्या मलिका नावाच्या मुलीवरून गावाला नाव दिले, असे सांगतात. आम्हां भावंडांना मात्र हे गाव मामांचे म्हणूनच ठाऊक. दिवाळीत दिवसभर नळगंगेच्या काठी हुंदडायचे आणि रात्री माजघरातल्या कोनाड्यापुढे गाद्या टाकायच्या.

त्या कोनाड्यात विमानातले एक यंत्र होते. काळी तबकडी, तीन काटे. विमान किती उंच गेले ते दाखवणारे. दिवा मालवला की आकडे हिरवट उजेडाने चमकू लागत. पाऊस जवळ आला, हवेचा दाब उतरला, की काटा किंचित पुढे सरके. मग मामा ओरडत, "आज मलकापूर वर चाललंय! वाळवण आत घ्या!" आम्ही पोरे ते यंत्र आळीपाळीने रजईत घेऊन झोपत असू.

मामा हवाई दलात फिटर. १९४८ साली ते कानपूरला होते. महायुद्धात इंग्रजांनी अमेरिकेकडून घेतलेली लिबरेटर ही चार एंजिनांची बाँबफेकी विमाने तिथल्या चकेरीच्या मैदानावर पडून होती. करार असा, की युद्ध संपले म्हणजे ती परत करायची, नाहीतर नष्ट करायची. म्हणून कुणी पुन्हा उडवू नयेत अशी मोडतोड करून ती टाकून दिलेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आपल्या देशाजवळ मात्र तशा जातीचे एकही विमान नव्हते. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याने ती उचलायची ठरवली. एकाचा अवयव दुसऱ्याला जोडून जेमतेम उडतील इतपत डागडुजी व्हायची, आणि कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगलोरला नेत. तिथे त्यांची पुरती दुरुस्ती होई. अशी चाळीसच्या आसपास विमाने उभी राहिली आणि १९६८ पर्यंत हवाई दलाच्या उपयोगी पडली. त्यांतले एक १९७४ साली इंग्लंडला गेले आणि तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात मानाने जाऊन बसले. टाकून देणाऱ्यांच्याच घरी!

ही हकीकत सांगताना मामांची मान ताठ होई. पण शेवटी ते आवाज उतरवून म्हणत, "विमान उठलं की आमचा श्वास अडकायचा. वर माणूस, आणि बोल्ट आमच्या हातचे. टाकलेली वस्तू उचलली ना, की तिचा भारही आपलाच." कोनाड्यातले यंत्र त्यांनी तिथल्याच भंगारातून उचललेले.

यंदा मामेभावाने तातडीने बोलावले, ते या यंत्रासाठीच. जुन्या वस्तूंचा एक शौकीन माग काढीत आला होता. परदेशात कुणी लिबरेटर उभारीत आहे, त्याला अस्सल भाग हवे आहेत, म्हणाला. गळक्या छपराचा खर्च निघेल एवढी रक्कम द्यायला तयार होता. अट एकच : पार्सलवर 'जुने घड्याळ' असे लिहायचे.

मी यंत्र हातात घेतले. काच तडकली होती. भावाची नात टाचणीने आतला रंग खरवडीत बसलेली. "आता चमकत नाही हो आजोबा," ती म्हणाली. माझ्या पोटात धस्स झाले.

त्या हिरव्या उजेडाचे मूळ रेडियम. युद्धकाळात तबकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग देत. काही वर्षांनी रंगातले जस्ताचे संयुग थकते आणि उजेड मावळतो. रेडियम मात्र थकत नाही. ते निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. काच शाबूत असेपर्यंत भीती थोडी. पण रंगाची पूड श्वासातून किंवा अन्नातून पोटात गेली, तर ती हाडांत ठाण मांडते. पोरीचे हात साबणाने धुतले, टाचणी काढून घेतली, ओल्या फडक्याने जागा पुसली आणि तिला डॉक्टरकडे न्यायचे ठरवले.

रात्री आम्ही दोघे ओसरीवर बसलो. मी त्याला 'की बर्ड'ची गोष्ट सांगितली. १९४७ साली ग्रीनलंडच्या गोठलेल्या तळ्यावर उतरलेले हे बी-२९ जातीचे विमान १९९४ साली काही हौशी मंडळींनी जागेवरच दुरुस्त करायला घेतले. त्यांचा एक मेकॅनिक तिथे आजारी पडून दगावला. पुढच्या वर्षी विमान बर्फावरून धावू लागले, शेपटीकडे आग लागली आणि सारे डोळ्यांदेखत जळून गेले. मुन्शींनीही जीव धोक्यात घातला, पण तो देशाची निकड होती म्हणून. इथे निकड कुणाची होती?

आणि आपल्याकडचे रोहतांग! १९६८ साली बर्फात हरवलेल्या एएन-१२ विमानात १०२ जण होते. २००३ मध्ये अवशेष दिसल्यापासून लष्कराच्या तुकड्या पुन्हा पुन्हा तिथे गेल्या. २०२४ मध्येही चार देह हाती आले. अशा जागेवरून कुणी आठवण म्हणून एखादा तुकडा उचलला, तर त्याला काय म्हणावे?

भाऊ घुश्शातच होता. "दादा, माह्या बापानं चोरी नाही केली. फेकलेलं उचललं."

"नाहीच केली रे. पण ते पार्सल पाठीवर घेणारा हमाल, त्यावर हात ठेवून झोपणारा टपालवाला, त्यांना कोण सांगणार? भार आपला, असं मामाच म्हणायचे ना?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग उठला आणि चकलीचा रिकामा डबा घेऊन आला. यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्यात घातले, टाचणी आणि फडकेही त्यातच टाकले, आणि डबा मोकळ्या गोठ्याच्या टोकाला कुलपात ठेवला. मुंबईच्या अणुशक्तीनगरातल्या नियामक परिषदेला पत्र लिहिले. छप्पर यंदाही गळणार.

सकाळी निघालो तेव्हा आभाळ भरून आले होते. भावाने सवयीने रिकाम्या कोनाड्याकडे पाहिले आणि हसला.

"आता वाळवण कधी आत घ्याचं, ते आभाळाकडं पाहूनच ठरवाचं, दादा."