नव्या पाण्यात

सेमाडोह हे माझे गाव. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. गावाजवळून सिपना नदी वाहते. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नावाप्रमाणेच नदीच्या काठांवर सागाचे जंगल आहे. पुढे ही नदी तापीला जाऊन मिळते. पावसाळ्यात तिचे गढूळ पाणी दगडगोटे ढकलत धावते. तेव्हा गावातले कोणी पाण्यात पाय घालत नाही. दिवाळीनंतर मात्र पाणी निवळते. अशा निवळलेल्या पाण्यात वडिलांनी मला पोहायला शिकवले. ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहत आणि म्हणत, "अरे, पाण्याशी भांडू नकोस. ते तुला उचलून धरते."

सायकल आणि धावणे मला कोणी वेगळे शिकवले नाही. चिखलदऱ्याकडे चढत जाणारा घाट हीच माझी शाळा होती. बारावीनंतर मी शिक्षणासाठी अमरावतीला आलो. व्यायामाच्या बाबतीत या शहराची परंपरा जुनी आहे. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली झाली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. अशा शहरात आल्यावर मलाही काही करून दाखवावेसे वाटू लागले.

त्याच सुमारास ट्रायथलॉन हा शब्द मी प्रथम ऐकला. या एकाच शर्यतीत तीन खेळ असतात. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची आणि शेवटी धावायचे. मध्ये विश्रांती नसते. आजच्या स्वरूपातील पहिली ट्रायथलॉन १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली. गंमत म्हणजे आमचा मेळघाट व्याघ्र प्रकल्पही १९७४ सालीच घोषित झाला. २००० साली सिडनी येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले. तेथे १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असे अंतर असते.

सायकल आणि धावणे यांची मला काळजी नव्हती. पण पोहणे पहिले असते. पोहणारा ठरलेल्या वेळेत पाण्याबाहेर आला नाही, तर त्याची सायकल काठावर तशीच उभी राहते. म्हणून सुट्टीत काम करून जमवलेले पैसे मी शुल्क म्हणून भरले आणि पोहण्याच्या एका सराव-गटात नाव घातले. तेथील सरांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "दोन महिन्यांत न थांबता १५०० मीटर पोहता आले, तरच स्पर्धेसाठी नाव पाठवू."

पन्नास मीटर लांबीच्या त्या तलावात १५०० मीटर म्हणजे तीस फेऱ्या! पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीतच मला धाप लागली. तलावात तरंगत्या दोऱ्या बांधून लांब पट्टे केलेले होते. एका पट्ट्यात सहा जण पोहत. एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परत यायचे. पुढचा निघाला की काही सेकंदांनी मागच्याने निघायचे. भिंतीवरचे मोठे घड्याळ पाहून सगळे चालायचे. नदीत मी मनाला येईल तिकडे पोहत असे. येथे वळायलाही नियम होता.

आमच्या पट्ट्यात सर्वांत पुढे आठवीतली एक मुलगी असे. मी कॉलेजात शिकणारा, उंचीने तिच्यापेक्षा हातभर जास्त. पण माझी जागा सर्वांत शेवटी होती. काठावर बसलेले पालक पाहत आहेत, या विचाराने मान खाली जाई. दोन दिवसांनी तीच मला म्हणाली, "दादा, तुम्ही माझ्या मागे या. पुढचा पाणी कापतो, म्हणून मागच्याला कष्ट कमी पडतात." तिचे म्हणणे खरे होते. तिच्या पायांमागे उठणारे बुडबुडे पाहत मी पोहू लागलो आणि त्या दिवशी आठ फेऱ्या पूर्ण झाल्या.

सरांनी मला श्वास घ्यायला नव्याने शिकवले. नदीत आम्ही डोके वर ठेवून पोहतो. डोके वर गेले की पाय खाली जातात आणि शरीर जड होते. म्हणून चेहरा पाण्यात ठेवायचा, पाण्यातच हळूहळू श्वास सोडायचा आणि मान फक्त बाजूला वळवून श्वास घ्यायचा. ऐकायला हे सोपे वाटते. पण शरीराची जुनी सवय मोडायला मला तीन आठवडे लागले. अनेकदा नाकातोंडात पाणी जाई. तेव्हा वडिलांचे शब्द आठवत: पाण्याशी भांडू नकोस.

सहाव्या आठवड्यात सर आम्हांला शहराबाहेरच्या एका जलाशयावर घेऊन गेले. ट्रायथलॉनमधील पोहणे बहुधा अशाच मोकळ्या पाण्यात होते. तेथे दोऱ्या नव्हत्या, तळाशी आखलेली रेषा नव्हती. पाणी हिरवे आणि थंड होते. तलावात सर्वांच्या पुढे असणारी मुले गोंधळली. कोणी डावीकडे गेले, कोणी उजवीकडे. मला मात्र हे पाणी ओळखीचे वाटले. थोड्या थोड्या वेळाने डोळे पाण्यावर काढून समोरचे झाड पाहायचे आणि पुन्हा चेहरा पाण्यात घालायचा, हे मी त्यांना दाखवले. आठवीतली ती मुलगी त्या दिवशी माझ्या मागे पोहत होती.

दोन महिने संपायच्या आत माझ्या तीस फेऱ्या पूर्ण झाल्या. सरांनी यादीत माझे नाव लिहिले. तलावात मी अजूनही पट्ट्यात चौथा असतो. त्याचे मला आता काही वाटत नाही. नव्या मंडळींत गेल्यावर काही दिवस शेवटी उभे राहावे लागते. तेथून पुढच्यांचे पाय नीट दिसतात, आणि पाहणाऱ्याला शिकताही येते.

मागच्या आठवड्यात धारणीकडचा एक मुलगा आमच्या गटात आला. तोही नदीतच पोहायला शिकलेला. पट्ट्याच्या टोकाला तो अंग चोरून उभा होता. मी त्याला म्हणालो, "ये, माझ्या मागे ये."